तीन लिटरचा इन्स्टंट गीझर आणि टँकलेस गीझर

दुकानात ‘टँकलेस गीझर दाखवा’ म्हटलं की पुष्कळदा समोर तीन लिटरचा इन्स्टंट गीझर येतो. त्यात टाकी असतेच, फक्त लहान. ३ किलोवॅटची कॉइल तेवढं पाणी अडीच-तीन मिनिटांत ६० अंशांपर्यंत तापवते. नळ सोडला की मागून गार पाणी आत शिरतं आणि कढत धार बघता बघता कोमट होते. टँकलेसमध्ये साठाच नसतो. पाणी वाहू लागलं की कॉइल चालू, थांबलं की बंद. धार पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी.

म्हणून खोक्यावरचे लिटर बाजूला ठेवा आणि किलोवॅट वाचा. डिसेंबरच्या पहाटे नाशिकला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १५ अंशांचं आहे असं धरू. अंघोळीला ४० अंश पुरतात, म्हणजे २५ अंशांची वाढ हवी. ३ किलोवॅटमध्ये तेवढं गरम पाणी मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर मिळतं. त्यावर शॉवर चालत नाही. बादली मात्र भरते: आधी तापवलेल्या तीन लिटरमध्ये विसण घालत गेलात तर १८ लिटरच्या बादलीला सात-साडेसात मिनिटं लागतात. मुंबईत पाणी २५ अंशांचं असेल, तर तीच बादली चारेक मिनिटांत तयार. मुंबई-कोकणात बादलीने अंघोळ करणाऱ्या घराला इन्स्टंट पुरेसा आहे, असं मी ठामपणे सांगेन.

मिनिटाला ६ लिटरचा साधा शॉवर हवा असेल, तर टँकलेसला मुंबईत सव्वासहा आणि नाशिकच्या थंडीत साडेदहा किलोवॅट लागतात. साडेदहा किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टवर ४५ अँपिअर! बाथरूममधला गीझरचा पॉइंट असतो १६ अँपिअरचा. इन्स्टंटचे १३ अँपिअर त्यावर निभावतात. पण साडेचार किलोवॅटचे इन्स्टंटही मिळतात आणि ते जवळपास २० अँपिअर ओढतात, त्यामुळे तेसुद्धा त्या प्लगला लावू नयेत. टँकलेससाठी मेन बोर्डापासून वेगळी जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (तेवढा करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. इथे काटकसर करू नका, वायर भिंतीच्या आत तापते आणि बाहेरून कळत नाही. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे घराला एका वेळी किती किलोवॅट ओढायची परवानगी आहे तो आकडा, छापलेला असतो. तिथे ३ किलोवॅट असेल तर आधी तो वाढवून घ्या. जर्मनीत १८, २१, २४ किलोवॅटचे टँकलेस घरोघरी दिसतात, कारण तिथे घरात तीन फेज (विजेच्या तीन जिवंत तारा) येतात आणि भार तिन्हींवर वाटला जातो.

किलोवॅट जास्त म्हणून बिल जास्त, ही भीती मात्र खोटी. नाशिकची ती बादली दोन्ही गीझरवर साधारण अर्ध्या युनिटातच तापते. टँकलेस जोरात पण थोडा वेळ चालतो.

बोअरचं पाणी असेल तर क्षार दोन्हींच्या कॉइलवर बसतात.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. टाकी डोक्यावर तीनच मीटर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो आणि एवढ्याशा धारेवर अनेक टँकलेस चालूच होत नाहीत. बादली शॉवरखाली ठेवून मिनिटभर पाणी सोडा, किती लिटर जमतं ते मोजा आणि गीझरवर लिहिलेल्या किमान प्रवाहाशी ताडून बघा.