फाटकाला तिरपी पट्टी कशाला? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कोटेशन हातात पडलं की बरेच जण एका ओळीवर बोट ठेवतात. "ही तिरपी पट्टी काढून टाका, तेवढेच पैसे वाचतील." हे पत्रक त्या एका ओळीसाठी आहे.

घरी करून बघा. खराट्याच्या चार काड्या घ्या, टोकं दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला बोटाने ढकला. चौकोन लगेच कलतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण बांधून तसंच ढकला. काडी मोडेपर्यंत किंवा गाठ सुटेपर्यंत तो आकार सोडत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की तिन्ही कोन आपोआप ठरतात. त्याच चार बाजूंचे मात्र हवे तितके वेगवेगळे चौकोन होतात. चौकोनात एक कर्ण टाकला की त्याचे दोन त्रिकोण झाले. आमची तिरपी पट्टी म्हणजे हा कर्ण.

सुरुवातीच्या काळात एका ग्राहकांच्या आग्रहाखातर आम्ही मोठं फाटक बिनपट्टीचं दिलं. सगळा भार कोपऱ्यांतल्या वेल्डिंगवर आला, त्यात मुलं फाटकावर उभी राहून झोके घ्यायची. दुसऱ्या पावसाळ्यात कडीकडचा कोपरा फरशीला टेकला आणि फाटक उघडताना फरशीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठू लागला. पट्टी आम्ही स्वखर्चाने मारून दिली. ओरखडा अजून तिथेच आहे.

पट्टीची दिशाही बघावी लागते. जाड अँगल किंवा चौकोनी पाईप असेल तर तो खालच्या बिजागरीपासून वर कडीच्या कोपऱ्याकडे जातो आणि दाब घेतो. सळई किंवा पातळ पट्टी असेल तर वरच्या बिजागरीपासून खाली कडीकडे, म्हणजे ती ताणात राहते. पातळ पट्टी उलटी लावली तर ती वाकते, काही उपयोग होत नाही.

त्रिकोण म्हटलं की कुणाला प्रेमाचा त्रिकोण आठवतो, कुणाला सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, तर कुंडली बघणाऱ्याला पहिलं, पाचवं आणि नववं स्थान. मावळात पवना धरणाजवळच्या किल्ल्याला आकारावरूनच तिकोना नाव पडलं. आमच्या धंद्यात त्रिकोणाची नावं दोन: गुण्या आणि कैची.

गुण्या तुमच्या मुलांच्या कंपासपेटीतही असतो. साइटवर एवढा छोटा पुरत नाही, म्हणून गवंडी टेपने एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजतात. खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर 5 फूट भरलं की काटकोन पक्का. मोठ्या शेडला 6, 8 आणि 10 घ्यायचे.

कैची म्हणजे पत्र्याच्या छपराखालचा सांगाडा. तिच्याबद्दल आमची कळकळीची विनंती आहे. छपराचा भार दोन्ही पाखांवरून उतरतो आणि भिंतींना बाहेर ढकलतो. त्यांना आत धरून ठेवते ती कैचीची तळची आडवी पट्टी. उंच मशीन बसवायचं म्हणून ती कापू नका. आधी आम्हाला बोलवा, दुसरा मार्ग काढू. त्या पट्टीच्या मधोमध झोपाळा किंवा ओझं उचलायचा चेन ब्लॉकही टांगू नका. ओझं सांध्यावरच यायला हवं, आणि तेही आम्हाला विचारून.

शेडच्या दोन खांबांमधली तिरप्या पट्ट्यांची फुली वाऱ्यासाठी असते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वारा पत्र्याचं काय करतो ते कोकणाने पाहिलं. वाट अडते म्हणून फुली काढायची असेल, तर ती शेजारच्या दोन खांबांमधल्या गाळ्यात हलवता येते.

फाटक पोहोचलं की आमच्या माणसासमोर स्वतः टेप लावा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे भरले तर चौकट गुण्यात आहे. फरक दिसला तर उरलेले पैसे देऊ नका, फाटक आम्ही परत नेऊ.