भुईंजचा ‘भ’ आणि बारीक रेघ

सराफी पेढीची जाहिरात, अत्तराची बाटली, जरा खर्चिक लग्नपत्रिका. यांवर इंग्रजी नाव असलं की बऱ्याचदा एक डौलदार वळण दिसतं: टोकांना सेरिफ, म्हणजे छोट्या आडव्या पट्ट्या, नाहीत, पण एक रेघ जाड, दुसरी बारीक. बिनसेरिफची अक्षरं एरवी सगळीकडे सारख्याच जाडीची, जरा कोरडी वाटतात. हे वळण तसं नाही.

यातला सर्वांत नावाजलेला टाइप (छपाईचा अक्षरसंच) म्हणजे ऑप्टिमा. जर्मन अक्षरकार हेरमान त्साप्फ यांनी १९५० मध्ये फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये थडग्यांच्या फरशांवरची अक्षरं पाहिली. कागद हाताशी नव्हता, म्हणून हजार लिरांच्या नोटेवरच ती उतरवून घेतली. १९५८ मध्ये टाइप बाजारात आला. त्याच्या उभ्या रेघा कमरेत किंचित बारीक होतात. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावरची ५८,००० हून अधिक नावं ऑप्टिमात कोरलेली आहेत. अक्षराची उंची दीड सेंटिमीटरही नाही, पण तिथे माणूस भिंतीला हात लावून वाचतो.

सगळा खेळ या अंतराचा आहे. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील सुटा दिसतो. हातातल्या पत्रिकेवर हे माप होतं ०.१ मिलिमीटर, ६० मीटरवरच्या पाटीवर सुमारे १७ मिलिमीटर. त्याहून बारीक काळी रेघ लगेच नाहीशी होत नाही, ती आसपासच्या पांढऱ्यात मिसळून करडी पडते.

आता पुणे–सातारा महामार्गावरचं भुईंज घ्या. ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक तो केवढा? डावीकडची गाठ आणि शिरोरेषेतली फट. नाजूक वळणात ही गाठ विरली की गावाचं ‘मुईंज’ होतं. ‘ध’ आणि ‘घ’ यांचंही तेच. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर तोडते, तेव्हा दुसऱ्यांदा बघायला सवड नसते. अशा पाटीला एकसारख्या जाडीचं अक्षरच हवं, मग ते कितीही रुक्ष दिसो.

म्हणून देवनागरीत हा डौल नकोच असं मात्र नाही. तिरक्या कापलेल्या बोरूने लिहिताना हात वळला की जाडी आपोआप बदलते. जाड-बारीक आपल्या पोथ्यांत पहिल्यापासून आहे. मिरजेत १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली, तेव्हा वळण पोथीचंच डोळ्यासमोर असणार. फक्त बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेचा, त्यामुळे जाडी वेगळ्या ठिकाणी येते. काही फॉन्टांत हे विसरून रोमनचा हिशेब जसाच्या तसा लावतात: उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक. मग शिरोरेषेचा दोरा होतो आणि शब्द त्याला टांगल्यासारखे दिसतात. सांगलीत पत्रिका छापायला द्याल तेव्हा नमुना पडद्यावर मोठा करून पाहू नका. खऱ्या मापात, त्याच कागदावर काढून मागा. खरखरीत कागदावर शाई पसरते आणि बारीक अक्षरांच्या गाठी बुजतात.