वर्गातील डिजिटल साधने आणि सक्रिय अध्ययन : पार्श्वभूमी

वर्गातील विद्यार्थ्याला केवळ श्रोता राहू न देता विचार करायला लावण्यासाठी यंत्राची मदत घ्यावी, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. बहुपर्यायी प्रश्नाचे बरोबर उत्तर दिल्याशिवाय पुढच्या प्रश्नावर न जाणारी यांत्रिक पेटी १९२० च्या दशकातच अमेरिकेत तयार झाली होती. १९५० च्या दशकात वर्तनवादी मानसशास्त्रावर (योग्य प्रतिसादाला लगेच दाद देऊन वर्तन घडवता येते, या विचारावर) आधारलेली अध्यापनयंत्रे आली आणि १९६० मध्ये संगणकाद्वारे शिकवण्याची पहिली मोठी प्रणाली एका अमेरिकी विद्यापीठात सुरू झाली. मात्र या प्रयत्नांत विद्यार्थी बहुधा यंत्रासमोर एकटाच बसलेला असे. शेजारी बसलेल्या सहाध्यायाचा त्यात काहीच उपयोग करून घेतलेला नव्हता.

संपूर्ण वर्गाची उत्तरे एकाच वेळी गोळा करणाऱ्या प्रणालीही १९६० च्या दशकातल्याच आहेत. व्याख्यानगृहातील प्रत्येक आसनाला बटणे आणि तारा जोडलेल्या असत आणि उत्तरांची विभागणी शिक्षकाला समोरच्या फलकावर दिसे. विद्यार्थ्यांना ही सोय आवडली, पण त्यांच्या गुणांत लक्षणीय फरक पडल्याचे त्या काळच्या अभ्यासांत आढळले नाही. त्याचे कारण तारांत नव्हते, वापरात होते. शिकवणे पूर्वीसारखेच चालू राहिले आणि सांगितलेले लक्षात राहिले की नाही, एवढेच बटणांनी तपासले जाऊ लागले.

खरे वळण आले ते भौतिकशास्त्राच्या वर्गांतून. अवघड गणिते सहज सोडवणारे विद्यार्थी साध्या संकल्पनात्मक प्रश्नांवर अडखळतात, हे १९८० च्या दशकात चाचण्यांतून स्पष्ट होऊ लागले होते. अवजड ट्रक आणि लहान मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावते, असा प्रश्न विचारला की दोन्ही बले समान असतात असे सांगणारा न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले अनेकजणही ट्रककडे बोट दाखवतात. १९९१ पासून एका विद्यापीठात असा प्रश्न व्याख्यानाच्या मध्येच विचारण्याची पद्धत आकाराला आली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचे, मग वेगळे उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला आपला तर्क पटवून द्यायचा आणि शेवटी पुन्हा उत्तर नोंदवायचे. पहिल्या फेरीत साधारण ३५ ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तर चर्चा सर्वांत फलदायी ठरते, असा अनुभव आला. सुरुवातीला हे काम हात वर करून आणि कार्डांवर चालत असे. बटण दाबून उत्तर नोंदवण्याचे, हातात मावणारे उपकरण म्हणजे ‘क्लिकर’ त्यानंतर आले. क्लिकर आणि साधी कार्डे यांची २००८ मध्ये तुलना झाली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या आकलनात फरक दिसला नाही. शिकणे घडवून आणत होती ती चर्चा, उपकरण नव्हे. अर्थात उत्तरे तत्काळ मोजणे, साठवून ठेवणे आणि इतरांकडे पाहून हात वर करण्याला आळा घालणे या गोष्टी उपकरणाने सोप्या केल्या, हेही मान्य करावे लागेल.

मात्र उत्तरे साठवता येऊ लागली आणि या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त निर्णय पुढे आला. या उत्तरांना गुण द्यावेत का? गुण नसतील तर विद्यार्थी गांभीर्याने भाग घेत नाहीत, अशी एक बाजू होती आणि मोठ्या वर्गांत शिकवणाऱ्यांची ती अडचण खरी होती. दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा की, चूक करून शिकण्यासाठी निर्माण केलेल्या जागेचेच त्यामुळे परीक्षेत रूपांतर होते. या वादात २००६ मधील एका अभ्यासाचे महत्त्व मोठे आहे. चुकीच्या उत्तराला मोठी गुणकपात असलेल्या वर्गात जोडीतील अधिक जाणकार विद्यार्थी चर्चेचा ताबा घेत होता आणि दुसरा त्याचे उत्तर स्वीकारून मोकळा होत होता. गुणांचा ताण कमी असलेल्या वर्गात दोघांचेही बोलणे बरेच समतोल होते आणि जोडीदार आपापले वेगळे उत्तर कायम ठेवण्याची शक्यताही अधिक होती. म्हणजे जी चर्चा घडावी म्हणून साधन आणले, तीच गुणांच्या नियमामुळे आटत होती. यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो, तरीही अनेक ठिकाणी गुण कायम राहिले आणि त्यांच्यासोबत हजेरीही क्लिकरवर आली. मग गैरहजर मित्राचे क्लिकर खिशात घालून वर्गात येण्याचे प्रकार सुरू झाले. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेतील एका नामांकित महाविद्यालयात अशाच प्रकरणी ६४ विद्यार्थ्यांवर आरोप ठेवण्यात आले.

दरम्यान, विद्यार्थ्यांना प्रश्न आणि चर्चेत गुंतवणाऱ्या या पद्धतीच्या, म्हणजे सक्रिय अध्ययनाच्या बाजूने पुरावा साचत गेला. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याची शक्यता सक्रिय अध्ययनाच्या वर्गांपेक्षा दीडपट होती. सक्रिय वर्गात प्रत्यक्षात अधिक शिकूनही आपण कमी शिकलो असे विद्यार्थ्यांना वाटते, हे २०१९ मध्ये दिसून आले. नव्या पद्धतीवरची विद्यार्थ्यांची नाराजी समजून घेताना ही नोंद उपयोगी पडते.

स्मार्टफोन हाती आल्यावर वेगळ्या क्लिकरची गरज उरली नाही आणि २०१० नंतर प्रश्नमंजूषेची अनेक ॲप्स वर्गांत पोहोचली. २०२० च्या महासाथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा तीच ॲप्स घराघरांतही गेली. यांपैकी काही लोकप्रिय ॲप्समध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला अधिक गुण मिळतात आणि गुणतक्ता सर्वांसमोर झळकतो. त्याने वर्गात उत्साह येतो, पण शेजाऱ्याशी बोलून मत बदलण्याला लागणारा वेळ त्या रचनेत शिल्लक राहत नाही. घड्याळ बंद ठेवणे, नावे लपवणे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारणे या सोयी बहुधा त्याच ॲप्समध्ये असतात. त्या वापरायच्या की नाही, हे वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकालाच ठरवावे लागते.