ज्युव्हेनाइल हर्डल शर्यत

ज्युव्हेनाइल हर्डल शर्यत : ब्रिटन व आयर्लंडमधील जंप रेसिंगमध्ये (नॅशनल हंट) एकाच वयाच्या तरुण घोड्यांसाठी राखून ठेवलेली अडथळ्यांची शर्यत. ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षांचे आणि १ जानेवारीपासून तेच, म्हणजे आता चार वर्षांचे ठरलेले, घोडे तीत धावतात. अंतर बहुधा दोन मैल (सुमारे ३.२ किमी.) किंवा थोडे अधिक असते. मादी घोड्यांना पाठीवर न्यायच्या वजनात ७ पाउंडांची सवलत मिळते. आधी जिंकलेल्यांवर अनेक शर्यतींत जादा वजन चढते. मोसमाच्या सुरुवातीच्या शर्यती उन्हाळ्यात व शरद ऋतूत होतात. घोड्यांविषयी हाती सर्वांत कमी पुरावा असतो तो याच काळात, म्हणून त्यांचा अंदाज बांधणे हा जाणकारांमध्ये स्वतंत्र विषय होऊन बसला आहे.

वयाची मोजणी : उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. फेब्रुवारीत जन्मलेले व मेमध्ये जन्मलेले शिंगरू कागदोपत्री समवयस्क असले, तरी ऑक्टोबरातल्या शर्यतीत एक ४४ महिन्यांचे, तर दुसरे ४१ महिन्यांचे असते. हाडांची वाढ अजून पुरती न झालेल्या जनावरात हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही रेसकार्ड (शर्यतीतल्या घोड्यांची माहितीपत्रिका) चाळणारे बहुतेक लोक जन्मतारखेकडे पाहत नाहीत.

उगम : हर्डल शर्यतीच्या उगमाविषयी दोन परंपरा आहेत. पहिलीनुसार पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला राजपुत्र व त्याचे सोबती ब्रायटनजवळच्या टेकड्यांवर मेंढ्यांच्या वाड्याच्या लाकडी फाटकांवरून घोडे उडवू लागले आणि त्या खेळातून ही शर्यत जन्मली. कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु तिचे वर्ष वेगवेगळे देतात आणि राजघराण्याशी नाते जोडण्याचा त्या काळचा हव्यास लक्षात घेता ती जपूनच स्वीकारावी. दुसरी परंपरा ब्रिस्टलजवळील डर्डम डाउन येथील १८२१ च्या शर्यतीकडे बोट दाखवते. एक मैलाच्या मार्गावर पाच हर्डल उभारून ती तीन वेगवेगळ्या धावांत (हीट) घेतली गेली, अशी नोंद आहे. नोंदलेली पहिली शर्यत म्हणून हीच धरणे सयुक्तिक वाटते. राजपुत्राच्या खेळाला फार तर पूर्वपीठिका म्हणता येईल. फेन्स म्हणजे न झुकणाऱ्या उंच कुंपणावरची स्टीपलचेस मात्र याहून जुनी आहे. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात बटव्हंट ते डोनरेल या दोन चर्चच्या मनोऱ्यांदरम्यान १७५२ मध्ये लागलेली पैज तिचा आरंभ मानतात, आणि ती हर्डलच्या वंशात मोडत नाही. जंप रेसिंगचे नियमन करणारी समिती १८६६ मध्ये स्थापन झाली.

केवळ तरुण घोड्यांच्या शर्यतींत ट्रायम्फ हर्डल ही प्रमुख. ती १९३९ मध्ये हर्स्ट पार्क येथे सुरू झाली. ते रेसकोर्स १९६२ मध्ये बंद पडले आणि १९६५ पासून शर्यत चेल्टनमला होते. आज मोसमारंभीच्या जवळजवळ प्रत्येक ज्युव्हेनाइल हर्डलचे मोल मार्चमधील या शर्यतीच्या मापाने ठरवले जाते.

अडथळा : हर्डल म्हणजे काटक्या विणलेली लाकडी चौकट. ती जमिनीत किंचित पुढे कललेली रोवतात, आणि घोड्याचा पाय लागला की ती झुकते. उंची किमान ३ फूट ६ इंच. स्टीपलचेसची फेन्स किमान ४ फूट ६ इंच असते व ती झुकत नाही. घोड्यांना नारिंगी रंग नीट दिसत नाही असे आढळल्यावर अलीकडे ब्रिटनमध्ये अडथळ्यांवरील नारिंगीच्या जागी पांढरा रंग आणला गेला. हर्डलवर उंच उडी लागत नाही. धावेतले पाऊल न मोडता, सपाट व झटपट ओलांडणे हेच कसब. जो घोडा प्रत्येक हर्डलवर हवेत लोंबकळतो, तो पडत नाही पण हरतो.

मूल्यमापन : या घोड्यांपैकी बरेच सपाट (अडथळ्यांविना होणाऱ्या) शर्यतींतून आलेले असतात. साहजिकच पहिला आधार घेतला जातो तो सपाट शर्यतीतल्या रेटिंगचा, म्हणजे घोड्याचा दर्जा पाउंडांत मांडणाऱ्या आकड्याचा. येथे दोन मते आहेत. एका मतानुसार दर्जा हा दर्जाच. सपाटीवर ९० रेटिंगचा घोडा ७० च्या घोड्याला हर्डलवरही मागे टाकेल. दुसरे मत म्हणते की उडी हे वेगळे कौशल्य असल्याने हा फरक लवकर विरघळतो. हिशेब मांडला तर दुसरे मत अधिक पटते. दोन मैलांच्या हर्डलमध्ये घोड्याच्या एका लांबीचे मोल साधारण एक पाउंड धरण्याची रीत आहे. मार्गात आठ हर्डल असून नवखा घोडा प्रत्येकावर एक लांबी गमावत असेल, तर तो आठ पाउंड नुसत्या उड्यांत देऊन बसतो. त्यात शेवटच्या हर्डलवर पाऊल चुकून वेग तुटला, तर तो पुन्हा पकडेपर्यंत आणखी दोन-तीन लांब्या जातात. सपाटीवरचा दहा पाउंडांचा वरचढपणा असा मातीत जातो.

म्हणून शरद ऋतूत एकदा हर्डल पाहून आलेला सामान्य घोडा पहिल्यांदाच उतरणाऱ्या नावाजलेल्या घोड्याला वरचेवर हरवतो. मार्चपर्यंत सर्वांनाच अनुभव मिळालेला असतो आणि हा फायदा झिजतो. फॉर्मबुकात (मागील धावांच्या नोंदवहीत) पहिल्या धावेवर ‘उड्या कच्च्या, शेवटी चांगला आला’ असा शेरा असलेला घोडा दुसऱ्या वेळी अधिक बारकाईने पाहावा. टाइमफॉर्म या रेटिंग प्रकाशित करणाऱ्या संस्थेच्या आकड्याशेजारी सुधारणेची शक्यता दाखवणारा छोटा ‘पी’ असतो, तो अशाच घोड्यांसाठी.

अपवाद मोठे आहेत. पोनिरॉस हा आयरिश ट्रेनर विली मलिन्सचा घोडा २०२५ ची ट्रायम्फ हर्डल पैजेच्या १०० ला १ या भावाने जिंकला, आणि हर्डलवर ती त्याची पहिलीच धाव होती. उलट टोकाला टायगर रोल. तो जंप रेसिंगकडे वळण्यापूर्वी सपाट शर्यतीत धावलाच नव्हता. २०१३ च्या नोव्हेंबरात मार्केट रेझनची ज्युव्हेनाइल हर्डल जिंकून तो विकला गेला, २०१४ मध्ये ट्रायम्फ जिंकला आणि पुढे २०१८ व २०१९ अशी सलग दोन वर्षे ग्रँड नॅशनल ही प्रसिद्ध स्टीपलचेस. सपाट रेटिंगवर विसंबणाऱ्याला त्याच्याविषयी काही म्हणताच आले नसते.

वंशावळ व दम : सहा-सात फर्लांगांवर चमकलेला घोडा दोन मैल उड्या मारत टिकेल का, याचे उत्तर पुष्कळदा जनकात शोधतात. मोंतज्यू या घोड्याचा वंश हर्डलवर नावाजलेला. टायगर रोलचा जनक ऑथोराइज्ड हा मोंतज्यूचाच मुलगा व २००७ चा डर्बीविजेता. स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाचे रूप आणि घोड्याचे योग्य अंतर यांचा संबंध २०१० मध्ये आयरिश संशोधकांनी दाखवला. त्यातून वेग की दम एवढा कल कळतो. घोडा उडी नीट मारील का, हे मात्र कळत नाही.

बाजार व मोसम : उन्हाळ्यातल्या ज्युव्हेनाइल हर्डलमध्ये येतात ते बहुधा सपाटीवर कमी पडलेले घोडे. न्यूमार्केटला टॅटरसॉल्स या लिलाव संस्थेचा धावत्या घोड्यांचा शरद लिलाव ऑक्टोबरच्या अखेरीस होतो. तेथे जंप ट्रेनर वरच्या दर्जाचे घोडे घेतात, खच्ची करतात, काही आठवडे विश्रांती देतात आणि आडव्या ओंडक्यांवरून उडवायला लागतात. हे घोडे डिसेंबर-जानेवारीत उतरू लागले की जुलै-ऑगस्टचे विजेते मागे पडतात. वेदरबी रेसकोर्सची वेन्स्लीडेल किंवा चेल्टनमची नोव्हेंबरातली प्रेस्टबरी या ज्युव्हेनाइल हर्डलचे निकाल वाचताना हा क्रम ध्यानात ठेवावा. अर्थात प्रेस्टबरीला हलके लेखूनही चालत नाही : कॅचिट (२००६) व डेफी द्यू स्यूई (२०१६) हे दोघे तेथून निघाले आणि पुढच्या मार्चमध्ये ट्रायम्फ जिंकले. बांध्याने लहान म्हणून हिणवला गेलेला कॅचिट २००८ ची चॅम्पियन हर्डलही जिंकला. पाच वर्षांच्या घोड्याने ती जिंकण्याची १९८५ नंतरची ती पहिली वेळ.

फ्रान्सचा प्रश्न निराळा. तेथे तीन वर्षांचे घोडे वसंतातच, पॅरिसच्या ओतॉय रेसकोर्सवर, छोट्या झुडपी अडथळ्यांवर धावू लागतात. तेथून आयर्लंडला आणलेल्या घोड्यांना सपाट रेटिंग नसते, पण उडी अंगवळणी पडलेली असते. लॉसीमथ (२०२३) व माजबरो (२०२४) हे ट्रायम्फविजेते याच वाटेने आले.

पॅडॉक (शर्यतीआधी घोडे फिरवण्याची जागा) व धाव : फॉर्मबुक पातळ असल्याने डोळ्यांचे काम वाढते. घोडा घामेजला आहे का, चालताना पाठ मोकळी सोडतो का, स्टार्टकडे जाताना जॉकीचे हात खेचतो का, हे पाहतात. शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. सुरुवातीच्या शर्यतींत पुढे जायला कोणी तयार नसते, वेग मंद पडतो आणि उतावळा घोडा लगामाशी झगडत दम घालवतो. अशा संथ शर्यतीचा निकाल पुढे खोटा ठरण्याची शक्यता अधिक. श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली असल्यास ब्रिटनमध्ये २०१८ पासून ती शर्यतीआधी जाहीर करावी लागते. जमीन भिजून जड झाली की सपाटीवरचा वेगवान घोडा निष्प्रभ होऊ शकतो. गणित सगळे जुळूनही अपघात असतोच : २०२० च्या ट्रायम्फमध्ये गोशेन बराच आघाडीवर असताना शेवटच्या हर्डलवर अडखळला, जॉकी खाली आला आणि शर्यत बर्निंग व्हिक्टरीला मिळाली.

भारत : मुंबईचे महालक्ष्मी व पुण्याचे रेसकोर्स येथे सपाट शर्यती होतात. वयाची १ जानेवारीची अट मात्र येथेही आहे. म्हणूनच तीन वर्षांच्या घोड्यांसाठीची डिसेंबरातली इंडियन २००० गिनीज आणि चार वर्षांच्या घोड्यांसाठीची फेब्रुवारीतली इंडियन डर्बी या दोन्हींत एकाच पिढीचे घोडे उतरतात.