नर्सरीचा हॉल भरण्याआधी हे वाचा

नागपुरात एप्रिल लागला की सकाळी दहानंतर लेकरांना अंगणात सोडायची सोय राहत नाही, मे महिन्यात तर पारा ४५ च्या पार जातो, मग बेसा म्हणा की मनीषनगर, भाड्याच्या घरात चालणाऱ्या नर्सरीतल्या पोरांचं सगळं खेळणं त्या एका हॉलमध्येच होतं. म्हणून फर्निचरची ऑर्डर द्यायला कोणी आलं की आम्ही आधी विचारतो, पळायला जागा कुठे ठेवली?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की ३-४ वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं तरी चांगली दमवणारी. तीन तासांच्या नर्सरीत दोन तास खुर्चीवर गेले आणि घरी उन्हामुळे मोबाईल, तर हे जमणार कसं? त्यामुळे टेबल-खुर्च्या कमीच घ्या, आम्ही त्याच विकतो तरी सांगतोय, फोल्डिंगच्या घ्या, मधली फरशी रिकामी राहू द्या आणि एका भिंतीच्या कडेने मिळेल तेवढी लांब पट्टी पळायला, रांगायला, उड्या मारायला सोडा. टाइल्सवर मोजे घालून पळू देऊ नका, अनवाणी बरं.

आवाजाचं तर कोणी मनावरच घेत नाही. टाइल्स, सिमेंटच्या भिंती, कूलरची घरघर, त्यात वीस पोरं, सगळं घुमतं, मॅडम ओरडतात, पोरं त्याहून मोठ्याने ओरडतात. गोंगाटात बोलणं नीट ऐकू येणं लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त जड जातं, म्हणजे "ऐकतच नाही" म्हणून ज्याला आपण रागावतो त्याला कदाचित ऐकूच आलेलं नसतं. जाड पडदे, सुती सतरंज्या, भिंतीला सॉफ्टबोर्ड, एवढ्यानेही घुमणं कमी होतं. आणि कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते, पोरं किरकिर करतात.

भिंतीवर चार्ट किती लावायचे? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात चित्रांनी भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त भरकटलं, शिकणंही कमी झालं. निदान मॅडमच्या मागची भिंत साधी ठेवा.

एक शांत कोपरा मात्र हवाच, गादी, दोन उशा, मॅडमला दिसेल असा. रडवेलं, दमलेलं लेकरू तिथे आपणहून जाऊन बसतं, शिक्षा म्हणून तिथे कोणाला बसवू नका.

माप घ्यायला आम्ही शाळा सुरू असतानाच येतो, पोरं कुठे धडकतात नि कुठे गर्दी करतात हे रिकाम्या हॉलमध्ये कळत नाही.