पाकळीचा ओठ होतो तेव्हा

लग्नाच्या सजावटीत हल्ली पांढरी, फुलपाखरासारखी आमरी (ऑर्किड) सर्रास दिसते. ती फॅलेनॉप्सिस. एखादे फूल हातात घेऊन बघा. बाहेरच्या बाजूला तीन निदले (कळीला झाकणारी दले), आत दोन रुंद पाकळ्या आणि खाली मधोमध तिसरी पाकळी, जी पाकळी वाटतच नाही. तिचा रंग निराळा, घडण निराळी. हा आमरीचा ओष्ठ. सह्याद्रीत पावसाच्या तोंडाशी झाडांवर लोंबणाऱ्या सीतेच्या वेणीतही प्रत्येक इवल्या फुलाला असा एक जांभळट ओष्ठ असतो. कीटक बहुधा इथेच उतरतो. गंमत म्हणजे कळीत ओष्ठ वरच्या बाजूला असतो. बहुतेक आमरींमध्ये उमलताना फुलाचा देठ १८० अंशांत पिळतो आणि ओष्ठ खाली येतो. फूल उलटे करून देठ निरखलात तर तो पीळ सापडतो, आणि एकदा सापडला की प्रत्येक आमरीत तो शोधावासा वाटतो.

तीन बहिणींपैकी एकच एवढी वेगळी कशी झाली? पाकळ्या घडवण्यात एपी-३ नावाच्या जनुकाचा मोठा हात असतो. भातात ते एकच आहे. आमरींच्या पूर्वजांत मात्र त्याच्या प्रती होत गेल्या आणि बहुतेक आमरींत आज चार प्रकार आढळतात. मूळ काम सांभाळायला एक प्रत असली की दुसरीला नवे काम शिकायची मोकळीक मिळते.

एपी-३ आणि एजीएल-६ नावाचे आणखी एक जनुक, या दोघांच्या निरनिराळ्या प्रतींची प्रथिने जोड्या जमवून काम करतात. एक जोडगोळी निदले व साध्या पाकळ्या घडवते, दुसरी ओष्ठ. २०१५ मध्ये तैवानच्या संशोधकांनी ओष्ठाच्या जोडगोळीतले एजीएल-६ जनुक गप्प केले. त्यासाठी त्याचा तुकडा विषाणूत घालून तो झाडात सोडला. विषाणूचे संदेश (जनुकाच्या नकला, ज्यांवरून प्रथिने बनतात) कापताना झाडाने स्वतःच्या त्या जनुकाचेही संदेश कापून टाकले. ओष्ठाच्या जागी साध्या पाकळीसारखा भाग उगवला! याउलट, रोपवाटिकांतल्या ‘मोठ्या ओठाच्या’ फॅलेनॉप्सिसमध्ये हेच जनुक बाजूच्या पाकळ्यांतही जागे असते, म्हणून त्या ओष्ठासारख्या होतात.

अपोस्टेसिया ही आमरी कुळातलीच, पण इतर आमरींपासून फार पूर्वी वेगळी झालेली शाखा. तिच्या तिन्ही पाकळ्या जवळजवळ सारख्याच. २०१७ मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा एपी-३ च्या प्रती इतर आमरींपेक्षा कमी निघाल्या.