‘सर, एरर यायलाय’: स्क्रीनच्या फोटोमागची गोष्ट

लातूर, नांदेड, परभणीकडचा पहिल्या वर्षाचा पोरगा प्रोग्रामिंगच्या ग्रुपवर अडचण टाकतो तेव्हा त्यात बहुधा कोड नसतोच. स्क्रीनचा तिरका फोटो आणि खाली एक ओळ: ‘सर, एरर यायलाय.’ जुनेजाणते चिडतात. मला यात आळस कमी आणि लॅबचा इतिहास जास्त दिसतो.

विचारण्याची शिस्त फार आधी ठरली होती. १९८० च्या सुमारास अमेरिकी विद्यापीठांतून यूजनेट हे संगणकांवरचं चर्चेचं जाळं सुरू झालं. नेहमीच्या प्रश्नांची यादी आधी वाचा, लागेल तेवढाच कोड द्या, एररचा मजकूर जसाच्या तसा चिकटवा, हे संकेत तिथे रुळले. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी महानगरांत. २००१ पासून एमएस-सीआयटीमुळे तालुक्याच्या गावी क्लास निघाले खरे, पण तिथे भर संगणक वापरण्यावर, प्रोग्रामिंगवर नाही.

कॉलेजात भेटला तो टर्बो सी, म्हणजे सी भाषेत कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर. बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी काढलेला. त्याचा निळा पडदा कितीतरी लॅबमध्ये वर्षानुवर्षं हलला नाही. ‘व्हॉइड मेन’, ‘कोनिओ डॉट एच’, शेवटी ‘गेटसीएच’: जर्नलमध्ये उतरवून पाठ. ‘कोनिओ’ ही फाइल सीच्या अधिकृत मानकात कधीच नव्हती, हे कोण सांगणार? तोच कोड लिनक्सवरच्या जीसीसी या आजच्या कंपायलरवर टाकला की सुरुवातीलाच ‘फाइल सापडत नाही’. बाहेर विचारलं तर मदतीआधी ‘हे कुठल्या जमान्यातलं?’ ऐकावं लागतं.

फोटोचं कारणही इथेच आहे. १६-बिट टर्बो सी ६४-बिट विंडोजवर चालत नाही, म्हणून तो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या पीसीवर जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवतात. साध्या डॉसबॉक्सच्या खिडकीतून मजकूर कॉपी करून बाहेर नेता येत नाही. शिवाय लॅबच्या पीसीला नेट असेलच असं नाही. खिशातल्या मोबाइलला मात्र २०१६ मध्ये जिओ आल्यापासून स्वस्त डेटा आहे. मग फोटोच काढणार ना!

२००८ मध्ये जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट काढली. उत्तरं जपून ठेवली गेली, पण आधी येऊन गेलेला प्रश्न बंद केला जाई, कच्च्या प्रश्नाला उणे मतं पडत. पुढे पोर्तुगीज, रशियन, जपानी, स्पॅनिश आवृत्त्या निघाल्या, मराठी नाही. नवख्यांना इथे परकं वाटतं, हे २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनेच मान्य केलं. आपली पोरं व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामवर रमली. तिथे कुणी खेकसत नाही, पण दिलेलं उत्तर वाहून जातं आणि पुढच्या बॅचला तोच डाउट नव्याने येतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. ते मराठीत विचारलं तरी उत्तर देतं, आता फोटोही वाचतं. फक्त त्याचा सी++ कोड बहुधा ‘नेमस्पेस’च्या ओळीसकट येतो, आणि सी++ च्या १९९८ च्या मानकाआधीच्या टर्बो सी++ ला ती ओळच कळत नाही. पोरगा लॅबमध्ये तो कोड टाकतो आणि पुन्हा एरर यायला लागतो.